शिवाजीनगर कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचा जुना नंबर लागत नाही. कोर्टाबाहेर तुमच्या टेबलाच्या जागी आता दुसराच कोणीतरी बसतो, तो म्हणाला काका गावाला गेले, कुठलं गाव ते त्यालाही माहीत नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, कामगार पुतळ्याच्या आसपासचं जुनं कोणी वाचत असेल तर प्लीज काकांपर्यंत पोचवा.

भैया सुटला काका. शिक्षा पूर्ण करून अमेरिकेतून लंडनला परत आला. व्हिडिओ कॉलवर अम्मी आणि तो अर्धा वेळ नुसते एकमेकांकडे बघत बसले, मग त्यानं मला विचारलं, ती पत्रं कोण टाइप करायचं गं?

मी पहिल्यांदा आले तो 2010 चा मार्च होता. जर्मन बेकरीच्या स्फोटाला जेमतेम महिना झालेला, 17 माणसं गेली त्यात, कोरेगाव पार्कवरून बस गेली तरी लोक गप्प व्हायचे, आणि अशा वेळी मी एक मुसलमान मुलगी, दहशतवादाचा आरोप ठेवून अमेरिकेनं लंडनहून मागितलेल्या भावासाठी हातानं लिहिलेली चार पानं घेऊन टेबलाटेबलावर फिरत होते. तुमच्या आधी दोघांनी पहिलं पान वाचून कागद परत दिले, मी त्यांना दोष देत नाही, त्यांनाही पोरंबाळं होती. तुम्ही चारही पानं वाचलीत. आणि "माझा भाऊ निर्दोष आहे" हे वाक्य जिथं जिथं होतं तिथं पेन्सिलीनं रेघ मारलीत.

मला इतका राग आला होता की मी कागद ओढून घेणार होते. तुम्ही म्हणालात, बाळ तू तिथं होतीस का? नव्हतीस ना, मग तुला माहितीये तेवढंच लिही. तो राहतो लंडनला, नागरिक तिथला, आरोप आहे तो पण लंडनमध्ये बसून काय केलं त्याचा, मग खटला तिथंच चालवा आणि पुरावा तिथल्या कोर्टात दाखवा, एवढंच मागू.

मग मी ब्रिटनच्या 2003 च्या प्रत्यार्पण कायद्याच्या, म्हणजे आरोपीला दुसऱ्या देशाच्या हवाली करायच्या कायद्याच्या, प्रिंट काढून आणल्या. अमेरिकेनं माणूस मागितला तर ब्रिटिश कोर्टापुढं प्रथमदर्शनी, म्हणजे खटला चालवण्याइतपत, पुरावा ठेवावा लागत नाही हे ऐकून तुम्ही दोनदा विचारलंत, नीट वाचलंस ना? आपल्याकडं 1962 च्या कायद्यात परदेशानं मागितलेल्या माणसावर प्रथमदर्शनी केस होते का ते मॅजिस्ट्रेट तपासतो, हे तुम्ही तोंडपाठ सांगितलंत, आणि तेच आपल्या पत्राचा दुसरा परिच्छेद झालं. भैयाचे लंडनचे वकील नंतर म्हणाले की पुण्याहून आलेलं पत्र वाचून त्यांना वाटलं कुणी वकिलानं लिहिलंय.

भैयासारखाच अमेरिकेनं दहशतवादाच्या आरोपात मागितलेला लंडनचा बाबर अहमद, त्याच्यावर ब्रिटनमध्येच खटला चालवा म्हणणाऱ्या ऑनलाइन अर्जावर 1 लाखाहून जास्त सह्या झाल्या तेव्हा मी नाचतच आले होते, पण त्यावर फक्त ब्रिटनचे नागरिक नाहीतर तिथं राहणारे सही करू शकत होते, आपल्या पुण्याच्या सह्यांचा काही उपयोग नव्हता. तुम्ही म्हणालात मग पत्रं पाठवू. मोमिनपुऱ्यातून, कॅम्पातून, कोंढव्यातून लोकांची पत्रं गोळा केली, कोणी उर्दूत सांगायचं कोणी मराठीत आणि तुम्ही इंग्रजी करायचात, संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर, पंख्याशिवाय. पैसे फक्त झेरॉक्सचे घेतलेत. ते मला तेव्हा कळत नव्हतं की तुम्ही रोजची गिऱ्हाईकं सोडून बसता.

आपण हरलो. 2012 च्या 5 ऑक्टोबरला बाबर अहमद, तल्हा अहसान वगैरे पाच जणांना अमेरिकेला नेलं, बाबर तर खटल्याशिवाय 8 वर्षं ब्रिटिश तुरुंगात होता. आणि 11 दिवसांनी गॅरी मॅककिनन, अमेरिकेचे लष्करी कॉम्प्युटर हॅक केल्याचा आरोप असलेला ब्रिटिश माणूस, त्याचं प्रत्यार्पण तिथल्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी तब्येतीच्या कारणानं थांबवलं. आम्ही सुन्न बसलेलो, अम्मी मात्र म्हणाली चला, त्या आईचं पोरगं तरी वाचलं. त्याच हिवाळ्यात भैयालाही नेलं. 2013 मध्ये कायदा बदलला, खटला कुठं चालवणं योग्य याचा विचार आता ब्रिटिश जज करू शकतो. आपण तेच मागत होतो ना काका, शब्दाला शब्द.

तिकडं भैयानं सरकारशी करार करून गुन्हा कबूल केला. त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी आमच्याशी बोललं नाही, ज्यांनी पत्रं दिली त्यातल्या काहींनी अब्बांना येऊन सुनावलं की आमच्याकडून खोटं लिहून घेतलंत. अब्बांनी ट्रंकेतून फाइल काढली आणि एकेक पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. निर्दोष हा शब्द एकाही पत्रात नव्हता. अब्बा आता नाहीत, पण त्या दिवशी ते मान खाली न घालता बोलू शकले, ते तुमच्या पेन्सिलीमुळं. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं, कितीतरी वर्षं राहून गेलं.

भैयाला ती पेन्सिलीच्या रेघांची चार पानं हवीयेत, मी फोटो पाठवलेत, मूळ कागद नाही देणार त्याला. आणि शीरखुर्मा भरून द्यायला तुम्ही आणलेला तुमचा स्टीलचा डबा अजून आमच्याकडंच आहे, झाकणावर तुमच्या सौ.चं नाव कोरलेलं. कुठल्या गावाला आणू तेवढं कळवा, अम्मी पण येतो म्हणतेय.

तुमची,
चार पानांवाली मुलगी