‘कर्नाटिक’ म्हणजे आजचे कर्नाटक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील इंग्रज-फ्रेंच संघर्षावरचा लेख मी आवडीने वाचला. मात्र त्यात ‘कर्नाटकातील युद्धे’ असा उल्लेख वारंवार आला असून सोबतच्या नकाशात आजचे कर्नाटक राज्य रंगवलेले आहे. इंग्रजी इतिहासग्रंथांत ज्याला ‘कर्नाटिक’ म्हटले आहे, तो मुलूख हा नव्हे. १७४६ ते १७६३ या काळात ज्या ठिकाणी या लढाया झाल्या, त्यांपैकी अंबूर, अर्काट, त्रिचनापल्ली आणि वंदवासी ही सारी आज तमिळनाडूत आहेत.

हे नाव तिकडे गेले कसे, हे पाहण्यासारखे आहे. विजयनगरचे राज्य ‘कर्णाट’ राज्य म्हणून ओळखले जाई. १५६५ च्या राक्षसतागडीच्या (तालिकोटच्या) लढाईतील पराभवानंतर त्याचे सत्ताकेंद्र पेनुकोंडा, चंद्रगिरी, वेल्लोर असे आग्नेयेकडे सरकत गेले आणि राज्याबरोबर नावही सरकले. पुढे विजापूर व गोवळकोंडा यांनी जिंकलेला तिथला मुलूख मोगली अमदानीत ‘विजापुरी कर्नाटक’ आणि ‘हैदराबादी कर्नाटक’ म्हणून नोंदला गेला. त्यातही घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पाईनघाट. मद्रासच्या इंग्रजांचा रोजचा संबंध आला तो या पाईनघाटाशी आणि तिथल्या अर्काटच्या नवाबाशी. त्यामुळे त्यांच्या लिखाणात मूळचे व्यापक नाव पूर्व घाट आणि कोरोमंडल किनारा यांमधल्या पट्ट्यापुरते आक्रसले. १८०१ मध्ये कंपनीने त्या मुलखाचा कारभार ताब्यात घेतला, आणि १८५५ मध्ये नवाब निपुत्रिक वारल्यावर ती गादीही खालसा केली.

या संकुचित अर्थाचा उत्तम पुरावा हैदरअलीच्या स्वारीत मिळतो. १७८० साली हैदरने ‘कर्नाटिक’वर स्वारी केली, असे इंग्रजी पुस्तकांत वाचायला मिळते. हे वाक्य जसेच्या तसे मराठीत उतरवले, तर श्रीरंगपट्टणचा सत्ताधीश कर्नाटकावर चालून गेला, असा चमत्कारिक अर्थ निघतो. तो प्रत्यक्षात घाट उतरून अर्काटच्या मुलखात शिरला होता.

मराठी कागदपत्रांतला ‘कर्नाटक’ हा शब्द मात्र चुकीचा ठरवण्याचे कारण नाही. शिवाजी महाराजांच्या १६७७ च्या कर्नाटक स्वारीत जिंजी होती, वेल्लोरचा वेढा होता, आणि आपल्या पूर्वजांनी हा शब्द त्या काळच्या प्रघातानुसार, इंग्रजांपेक्षा अधिक व्यापक अर्थाने वापरला. घोटाळा आपला, आजच्या लेखकांचा आहे. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाल्यापासून सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर एकच नकाशा उभा राहतो, हे लक्षात न घेता आपण जुना शब्द तसाच पुढे रेटतो. त्यात भर म्हणजे मुंबई इलाख्यातील बेळगाव, धारवाड, विजापूर या कन्नड भागाला इंग्रज कारभारात ‘बॉम्बे कर्नाटक’ म्हणत. इंग्रजीत ‘कर्नाटिक’ (Carnatic) आणि ‘कर्नाटक’ (Karnataka) या दोन्ही शब्दांची अक्षरे वेगळी असल्याने तिथे फरक कळतो; मराठीत दोन्हींचे ‘कर्नाटक’ झाले की तो पुसला जातो.

म्हणून इंग्रज-फ्रेंच युद्धांसंबंधी लिहिताना ‘कर्नाटिक’ हेच रूप ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात ‘अर्काटच्या नवाबाचा मुलूख’ असा खुलासा जोडावा, अशी माझी सूचना आहे. मराठ्यांच्या मोहिमांबाबत ‘कर्नाटक’ शब्द राहू द्यावा, पण जिंजी-तंजावर आज कोणत्या राज्यात आहेत ते एका वाक्यात सांगावे. कर्नाटक संगीताच्या नावाला कोणी हात लावावा असे मला वाटत नाही. ते नाव रूढ आहे आणि ते ऐकून कोणी चुकीच्या नकाशाकडे वळत नाही.

लेखमालेचा पुढील भाग वंदवासीच्या १७६० च्या लढाईवर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यासोबतचा नकाशा तरी मद्रास, पाँडिचेरी आणि अर्काट दाखवणारा असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सांगली