आई, डाव्या चपलेला थर नको

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी तुमची माफी मागते. गंगावेशीतल्या चप्पलवाल्या काकांना मी काल परस्पर फोन केला आणि आईच्या डाव्या चपलेला अर्ध्या इंचाचा थर लावायचं काम थांबवलं. चप्पल आहे तशीच परत द्या म्हटलं. तुम्ही भर उन्हात चालत जाऊन ती देऊन आलात, पैसेही आधीच दिलेत, हे काकांनीच सांगितलं. ते ऐकल्यावर फोन ठेवून मी बराच वेळ नुसती बसून होते. पण काम थांबवलंय. का थांबवलं ते फोनवर धड सांगता येत नाही, तुम्ही दोघंही एकदम बोलता. म्हणून लिहिते.

आई, तू म्हणालीस, "एक पाय सारखा उंबऱ्यावर ठेवल्यागत वाटतंय." पंधरा दिवसांपूर्वी, उजवा खुबा बदलायच्या ऑपरेशननंतर सात आठवड्यांनी, गाऊन सोडून पहिल्यांदा साडी नेसलीस आणि कपाटाच्या आरशात उजवीकडचा काठ दोन बोटं वर दिसला. त्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, डॉक्टरनं पाय लांब करून ठेवला. तेव्हापासून तू अर्धी भाकरी ताटात टाकून उठतेस, असं बाबा सांगतात.

तुला वाटतंय ते खोटं नाही. मनाचे खेळ आहेत असं मी कधीच म्हणणार नाही.

पण एक आठवून बघ. पुरानंतर तू साडी कशी नेसायचीस? 2019 नंतर मी प्रत्येक वेळी आले की बघायची, तू उजवीकडे जरा जास्त खोचायचीस. उजवा खुबा झिजत गेला, मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत वर वर रुतत गेला, पाय आखूड झाला आणि तेवढी कंबर त्या बाजूला खाली गेली. काठ जमिनीला लागू नये म्हणून तुझ्या हातानं आपोआप ती वाट काढली. आता खुबा जागेवर आलाय आणि हात अजून जुन्याच मापानं खोचतोय.

बाबांना माजघराच्या दाराचं आठवेल. पुरात फुगून ते उतरलं होतं. किती तरी दिवस आपण सगळे ते उचलून लावायचो. मग सुतारानं बिजागरी बदलून दार वर घेतलं, तरी आपण उचलतच राहिलो आणि ते रोज वरच्या चौकटीला धडकायचं. दारात काहीच चूक नव्हती. आईच्या कमरेचे आणि जांघेचे स्नायू सध्या तसेच आहेत. इतक्या वर्षांत ते वाकड्या कमरेच्या बेतानं आखडलेत, बाजूचे ढिले पडलेत. त्यांना सरळ उभं राहणंच वाकडं वाटतंय.

बुधवारी डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोलले. त्यांनी एक्सरेवर कमरेच्या हाडांना धरून एक आडवी रेघ मारली आणि तिथून दोन्ही मांड्यांच्या हाडावरच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजलं. फरक निघाला 6 मिलिमीटर. पेन्सिलीच्या जाडीपेक्षा कमी. एक सेंटिमीटरच्या आतला फरक बहुतेकांना पुढे जाणवतही नाही. तुला जो अर्धा-पाऊण इंच वाटतोय, त्यातला बराचसा कमरेच्या कलण्याचा आहे, हाडाचा नाही. तो व्यायामानं हळूहळू जातो, त्याला तीन ते सहा महिने द्यावे लागतात. आणि आत्ताच डाव्या पायाखाली थर दिला तर शरीर म्हणेल, झालं की काम, आता सरळ कशाला व्हायचं. आखडलेलं आखडलेलंच राहील. म्हणून थर नको, बाबा. फेब्रुवारीत पुन्हा मोजू. तेव्हाही फरक त्रास देत असेल तर मी स्वतः काकांकडे येईन, डॉक्टर सांगतील तेवढ्याच मापाचं लावून घेऊ.

आता जे सांगायचं टाळत होते ते. आई, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सहीसाठी कागद आला, तेव्हा डॉक्टरांनी मला हे सांगितलं होतं. सांधा निसटू नये म्हणून भोवतीचे स्नायू पुरेसे ताणलेले असावे लागतात, त्यात पाय थोडा लांब झाल्यासारखा वाटू शकतो, म्हणाले. मी मान हलवली आणि सही केली. तुला सांगितलं नाही. तू त्या रात्री आधीच म्हणत होतीस, राहू दे, असंच चालवू. मला भीती वाटली की हे ऐकून तू पिशवी उचलून घरी निघशील. तुला सोफ्यावरून उठताना दोन्ही हातांनी काठ धरावा लागायचा, रात्री कुशीवर वळताना तू विव्हळायचीस. ते मला अजून एक वर्ष बघवलं नसतं. तरी सांगायला हवं होतं. आधी माहीत असतं तर गेले पंधरा दिवस तू असं मनाला लावून घेतलं नसतंस. चार आठवडे राहून मी निघून आले, आणि हे सगळं त्यानंतर सुरू झालं. त्याचीही टोचणी आहेच.

फिजिओच्या ताईंना मी फेब्रुवारीपर्यंतचं सांगून ठेवलंय, सोमवार, बुधवार, शुक्रवार. पैशांचं विचारू नका. त्या आल्या की "आज राहू दे, पाय दुखतोय" म्हणून चहा पाजून परत पाठवायचं नाही. आई, हे तुलाच सांगतेय.

आणि ऐक. काठी डाव्या हातात, ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूला. उजव्या हातात धरलेली मला व्हिडिओवर दिसली. सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभी राहा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन टाक, उजवा गुडघा वाकवून उभं राहायची जुनी खोड आता सोड. पावलं सारखी टाक, टाच आधी. झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी घे, पण पाठीवर पडलीस की गुडघ्याखाली उशी नको, त्यानं जांघ आणखी आखडते. मांडी नाही, पाट नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही. बाबांनी देव्हारा टेबलावर घेतलाय, तर पूजा खुर्चीवर बसूनच. अंबाबाई तेवढ्यावरून रागावणार नाही. पायरी चढताना आधी डावा, उतरताना आधी उजवा. तुझी कोल्हापुरी सध्या घरात वापरूच नकोस, ओल्या फरशीवर तिचं चामडं सरकतं. मागं पट्टा असलेल्या रबरी सँडल पाठवल्यात, एकाच उंचीच्या.

बाबा, हे फक्त तुमच्यासाठी. पोटरी सुजली किंवा दुखायला लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा, मला नंतर केलात तरी चालेल. आणि एकदम जोरात कळ येऊन पाय वळल्यासारखा झाला, टेकताच येईना, तर तिला हलवू नका, 108 ला फोन करा. असं होईल म्हणून सांगत नाही. मला झोप लागावी म्हणून सांगते. तुमची बीपीची गोळी सकाळचीच ना? तिची औषधं सांभाळताना स्वतःची विसरता तुम्ही.

नवरात्रात पंचमीला टेंबलाईच्या जत्रेला जायचं नाही, हे तुला आधीच कळलंय, मला माहितीये. तरी वाईट वाटणार. मलाही वाटतंय. लहानपणी त्या गर्दीत मी दमून फतकल मारायची, तेव्हा तू माझ्या पावलाला पाऊल लावून चालायचीस, "एक तुझं, एक माझं" म्हणत. कोहळा फुटेपर्यंत मला खांद्यावर घेऊन उभी राहायचीस. तेव्हाही तुला कुठंतरी दुखत असेल, कधी विचारलं नाही मी.

आपण अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाचं ठरवू. नोव्हेंबरचा नको, घाई होईल. 31 जानेवारीचा. पहिल्या दिवशी मावळतीची किरणं देवीच्या पायांपर्यंत येतात, आणि तोवर तुझे सहा महिने भरत आलेले असतील. गर्दीत आत घुसायचं नाही, लांबून जेवढं दिसेल तेवढं. सकाळी ठुशी आणि ती अंजिरी साडी काढून ठेव. खोचायला मी असेन, दोन्हीकडं सारखी.

तोवर शेजारच्या काकूंना पाय दाखवत बसू नकोस. त्या मायेनं बोलतात, पण रात्र तुझी जाते.

इथं लिहिताना 'येते' असं लिहिते मी, पण गाडी पंचगंगेच्या पुलावर आली की तोंडात तुझंच बोलणं येतं. शनिवारी येतो, आई. बेल वाजली तरी उठू नकोस, बाबा उघडतील दार.

तुमची,
चिमी