बर्जिल्लयाचा नकार

भायखळा, मुंबई

प्रिय शांतवन,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. पानं भरपूर, तक्रार एकच. आता मला कोणी विचारत नाही. मंडळीत पाळकसाहेब पोरांचं ऐकतात, मुलगा नगरचं घर बंद करून पुण्याला चला म्हणतो, आणि एवढं सगळं असून तू पास्टरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीला, पुन्हा उभा राहणार आहेस. माझं मत विचारलंयस म्हणून सांगतो. उभा राहू नकोस.

रागावशील, रागाव. पण आधी बायबलातल्या दुसऱ्या शमुवेलाचा एकोणिसावा अध्याय काढ. संडे स्कूलमध्ये आपल्याला गल्याथ शिकवला, झाडाला अडकलेला अबशालोम शिकवला, बर्जिल्लय मात्र कोणी शिकवला नाही. पोरांना शिकवून तरी काय कळणार होतं म्हणा. पोटच्या मुलाच्या, अबशालोमाच्या बंडात दावीद राजा महनाइमाला आश्रयाला आला, तेव्हा या म्हाताऱ्यानं त्याला अन्नधान्य पुरवलं. बंड मोडल्यावर दावीद म्हणाला, यरुशलेमेला चल, मी तुला सांभाळतो. बर्जिल्लय ऐंशीचा. त्यानं सरळ सांगून टाकलं की मला आता जेवणाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचे सूर ऐकू येत नाहीत, महाराजांना माझा भार कशाला? मला माझ्या गावात, आईबापांच्या कबरीपाशी मरू द्या. हा किम्हाम आहे, माझ्याऐवजी याला घेऊन जा. मग राजाला यार्देनेपार पोचवलं आणि घरी परतला. मला त्यातलं किम्हामाचं वाक्य फार आवडतं. नुसता नकार काय, रुसूनसुद्धा देता येतो.

तू लगेच बायबलातला तो म्हातारा लढवय्या कालेब काढशील. पंच्याऐंशीव्या वर्षी यहोशवाला म्हणाला, हा डोंगर मला दे. खरंय. पण त्या डोंगरावर अनाकी, ते धिप्पाड लोक, ठाण मांडून बसले होते, त्यानं काम मागितलं. तुमच्या कमिटीत कुठला डोंगर आहे? कापणीच्या सणाच्या लिलावात बोली कोणी पुकारायची यावर बैठका रंगतात, तूच सांगतोस. डोंगरच हवा असेल तर लक्ष्मीबाई टिळकांकडे बघ. तुमच्या नगरच्याच की त्या. कधी शाळेत गेल्या नाहीत, अक्षरओळख लग्नानंतर झाली. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं, ते बाईंनी उतारवयात पुरं केलं. त्यासाठी त्यांना कुठल्या कमिटीवर बसावं लागलं नाही.

माझं म्हणशील तर गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला खाली वाकता येत नाही. रविवारी उपासनेला निघताना नातू माझ्या बुटांच्या नाड्या बांधतो. सुरुवातीला मला ते सोसायचं नाही. मी दाराकडे तोंड करून उभा राहायचो, म्हणजे चेहरा दिसू नये. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू येशू आपल्या शिष्याला, पेत्राला म्हणतो ना, तरुण होतास तेव्हा स्वतःच कंबर बांधून हवं तिथं जात होतास, म्हातारा होशील तेव्हा दुसरा तुझी कंबर बांधील. ते पेत्राच्या मरणाविषयी आहे हे मला ठाऊक आहे. तरी नाड्या बांधून घेताना मला तेच आठवतं. पोरगं गाठ फार घट्ट मारतं. मी काही बोलत नाही.

सून वसईची, कॅथलिक, हे तुला माहीत आहेच. लग्नाच्या वेळी आमच्या हिनं किती धुसफुस केली होती! आता राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की, घरात मटण शिजत नाही, आणि ते बंद करायला पहिली पुढे होते ती हीच. रात्री आधी सुनेची रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, मग आमची भजनं आणि शास्त्रवाचन. वाचतो नातू, मोबाइलवरून. अडखळला की मी सांगायचो. एकदा मुलगा म्हणाला, बाबा, त्याला अडखळू द्या. बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका, असं पौलानं इफिसकरांना लिहिलंय. त्या वचनाला वयाची अट नाही. चाळिशीचा मुलगाही मुलगाच. तेव्हापासून मी ओठ मिटून बसतो, आणि खरं सांगू, पोरगं हल्ली बरं वाचतं.

आईचे शेवटचे दिवस तू पाहिलेस. मला मामाच्या नावानं हाक मारायची. पण ‘उपासना संगीत’ या आपल्या भजनांच्या पुस्तकातलं भजन धरलं की कडव्यामागून कडवं, एक शब्द चुकायची नाही. जन्मभर जे रोज म्हटलं तेच तिच्याजवळ उरलं. म्हणून शांतवन, तू रोज काय घोकतोस याची मला काळजी वाटते. ‘मला कोणी विचारत नाही’ हेच पाठ झालं तर?

आता पुणं. बर्जिल्लय गाव सोडून गेला नाही, मग मी का जाऊ, असं तू म्हणशीलच. त्याच्या घरात माणसं होती. तू वहिनी गेल्यापासून एकटा आहेस, बीपीची गोळी घेतली का हे विचारायला कोणी नाही. तेव्हा जा, पण घर विकू नकोस, किल्ली स्वतःजवळ ठेव. उन्हाळाभर राहून बघ. आणि मृत्युपत्र कर. आपल्याला १९२५ चा वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर तुझ्यामागे मुलगा आणि मुलगी दोघांना सारखा वाटा. तुझ्या मनात तेच असलं तरी कागदावर लिही, म्हणजे घर कोणी ठेवायचं यावरून पुढे भावाबहिणीत वाजणार नाही.

पुण्याला जायच्या आधी इकडे ये. सकाळी राणीच्या बागेत फेरी मारू, हळूहळू, माझ्या चालीनं. भायखळा स्टेशनची जुनी इमारत छान दुरुस्त केलीय, २०२२ साली तिला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला, तीही दाखवतो. येताना बाजरीचं पीठ आण, हिला इथलं आवडत नाही. आणि कमिटीसाठी तुझ्याऐवजी कोणाचं नाव सुचवणार आहेस ते ठरवून ये. तो तुझ्या शेजारचा, गिटार वाजवणारा पोरगा मला बरा वाटतो.

तुझा,
प्रभाकर