खरेदीची मर्यादा वाढली, आता ३१ मार्चचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांच्या खरेदीचे नियम सैल केले. वैद्यकीय संशोधनही त्यात आले, कारण आरोग्य संशोधन विभाग आणि त्याखालची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, यांचा त्या आदेशात समावेश आहे. कोटेशन न मागवता थेट खरेदी करण्याची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली. खरेदी समितीला १ ते १० लाखांपर्यंतचे अधिकार होते, ते २ ते २५ लाखांपर्यंत झाले. निवडक पुरवठादारांकडून मर्यादित निविदा मागवण्याची ५० लाखांची सीमा १ कोटीवर नेली; त्यापुढे जाहीर निविदा. २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला मंजुरी देणे आता संचालक वा कुलगुरूंच्या हातात आहे. शिवाय वैज्ञानिक उपकरणे आणि प्रयोगशाळेत खपणाऱ्या वस्तू जेम पोर्टलवरूनच, म्हणजे सरकारी ऑनलाइन बाजारपेठेतूनच, घेण्याची सक्ती उठली.

यातली शेवटची सवलत सर्वांत मोलाची. जेमवरची सर्वांत कमी दराचा पुरवठादार निवडण्याची पद्धत खुर्च्या-टेबलांना ठीक आहे. पण चाचणीत वापरलेल्या अँटिबॉडीचा (प्रतिपिंडाचा) क्लोन, म्हणजे तिचा विशिष्ट वाण, बदलला की आधी तपासलेल्या नमुन्यांचे आकडे नव्या नमुन्यांशेजारी मांडता येत नाहीत. दुसऱ्या कंपनीचा एलायझा किट (रक्ततपासणीचा संच) आला की कट-ऑफ, म्हणजे होकारार्थी-नकारार्थी ठरवणारी सीमा, पुन्हा ठरवावा लागतो, आणि त्यासाठी एक-दोन प्लेटा खर्ची पडतात. एका प्लेटमध्ये ९६ खळगे, त्यातले काही मानक द्रावणाला आणि कंट्रोलला जातात, उरलेल्यात रुग्णांचे नमुने. वाया गेलेली प्रत्येक प्लेट म्हणजे तेवढ्या रुग्णांचे रक्त पुन्हा मागणे, आणि गावपातळीवर ते सहसा दुसऱ्यांदा मिळत नाही.

मात्र वाढलेले अधिकार वापरताना कागद पूर्वीइतकेच नीट हवेत. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १५४ थेट खरेदीसाठी एक छोटे प्रमाणपत्र मागतो: वस्तू आवश्यक दर्जाची व वर्णनाची आहे, पुरवठादार विश्वासार्ह आहे आणि किंमत वाजवी आहे, याची माझी स्वतःची खात्री झाली आहे. चार ओळींचा हा मजकूर बिलासोबत नसेल तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. नियम १५५ खालच्या समितीत तीन सदस्य हवेत. त्यांनी बाजारात खरोखर चौकशी करून दर, दर्जा आणि पुरवठादार यांबद्दल संयुक्त प्रमाणपत्र द्यायचे असते. एकाच विक्रेत्याने आणून दिलेली तीन कोटेशने फाइलला लावणे म्हणजे बाजारचौकशी नव्हे. जेममधून सूट मिळाली ती संशोधनाच्या वस्तूंना. कार्यालयातला प्रिंटर आणि कपाट त्यात बसवू नये.

सर्वांत जास्त आक्षेप नियम १५७ वर येतात. वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत, असे तो नियम सांगतो. एकच किट जुलैत १ लाख ९० हजारांचा, ऑगस्टमध्ये पुन्हा तेवढ्याचाच आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा घेतला, तर हेतू कितीही स्वच्छ असो, कागदावर ते तुकडे पाडणेच दिसते. संशोधकाची अडचणही खरी असते: किटची मुदत कमी, फ्रीजमध्ये जागा थोडी, सगळा माल एकदम घेऊन ठेवणार कुठे? त्यावर सोपा मार्ग आहे. वर्षभराची गरज एकदम काढावी, समितीकडून दर एकदाच ठरवून घ्यावा आणि पुरवठा आदेशातच लिहावे की माल तीन-चार टप्प्यांत यावा, प्रत्येक टप्प्यावर किमान अमुक महिने मुदत शिल्लक असावी. आदेश एक, दर एक, माल ताजा.

इथवर ठीक. पण खरी गाठ खरेदीच्या मर्यादेत नाही, तारखेत आहे. केंद्राचा बराचसा संशोधन निधी आता संस्थेच्या बँक खात्यात पडून राहत नाही. ट्रेझरी सिंगल अकाउंट पद्धतीत रिझर्व्ह बँकेतल्या खात्यावर खर्चाची मर्यादा मिळते, आणि जी मर्यादा वापरली गेली नाही ती ३१ मार्चला रद्द होते. यामागचे कारण पटण्यासारखे आहे. सरकारने कर्ज काढायचे आणि त्याच वेळी अनुदानाचा पैसा शेकडो खात्यांत निपचित पडून राहायचा, हे कोणत्याही घराला परवडणार नाही. परंतु अनुदानाचा हप्ता नोव्हेंबरात हाती आला तर काय होते, तेही पाहायला हवे.

समजा, ३० लाखांचे उपकरण घ्यायचे आहे. ही रक्कम समितीच्या मर्यादेबाहेरची, म्हणून निविदा आली. तांत्रिक तपशील पक्के करायला तीन आठवडे. निविदा भरायला साधारणतः तीन-चार आठवडे द्यावे लागतात. तांत्रिक छाननी, दरांची उघडणी, मंजुरी यात आणखी महिना. पुरवठा आदेश फेब्रुवारीच्या मध्यावर निघतो. माल परदेशातून येणार असेल तर आठ ते बारा आठवडे धरावेच लागतात. म्हणजे मशीन एप्रिल-मेमध्ये दारात आणि त्याचा पैसा मार्चमध्येच परत गेलेला. या भीतीने मग फेब्रुवारी-मार्चमध्ये जे हाताशी लागेल ते घेतले जाते. मुदत सहा-आठ महिन्यांची असलेली अभिकर्मके (चाचणीची रसायने) एकदम उचलली जातात आणि दिवाळीच्या सुमारास उणे २० अंशांच्या फ्रीजमधून मुदत संपलेल्या डब्या बाहेर काढाव्या लागतात. ड्राय आइसमध्ये आलेली खोकी मार्चच्या गर्दीत विमानतळावर कस्टम्समध्ये शनिवार-रविवार अडकली, तर ड्राय आइस उडून जातो. आतला एन्झाइम कामाचा राहिला की नाही, हे पहिला प्रयोग फसल्यावरच कळते.

पगाराचे दुखणे याहून मोठे. कनिष्ठ संशोधन अधिछात्राचे (जेआरएफचे) मासिक वेतन १ जानेवारी २०२३ पासून ३१,००० वरून ३७,००० झाले. घरभाडे भत्ता केंद्राच्या दराने, तो जानेवारी २०२४ पासून पुण्या-मुंबईत ३० टक्के, नागपूर-नाशिकसारख्या शहरांत २०, लहान गावांत १०. २०२२ मध्ये पुण्यात मंजूर झालेल्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात एका अधिछात्रासाठी २७ टक्के भत्ता धरून महिना ३९,३७० रुपये होते. आज तोच आकडा ४८,१०० आहे. माणशी महिन्याला ८,७३० रुपये, वर्षाला १ लाख ४ हजार ७६०. सुधारित मंजुरी वेळेत आली नाही तर ही तूट प्रवासाच्या किंवा अभिकर्मकांच्या तरतुदीतून भरण्याचा मोह होतो. पण मंजुरीशिवाय खर्चाच्या एका शीर्षाखालचा पैसा दुसरीकडे वळवला, की तो खर्च अमान्य होऊ शकतो. त्यात एप्रिलमध्ये नव्या वर्षाची खर्चाची मर्यादा आली नाही, तर दोन-तीन महिने पगार थकतो. दुर्गम तालुक्यात घरोघरी ओळख झालेली क्षेत्र कार्यकर्ती त्या काळात दुसरी नोकरी धरते. तिच्या जागी नवा माणूस भरता येतो, पण पाठपुराव्याला येणारी घरे गळतात आणि अभ्यासाचा नमुनाच विस्कटतो.

पुढचा हप्ता अडण्याचे एक कारण म्हणजे अनुदान कशावर खर्च झाले ते सांगणारे उपयोगिता प्रमाणपत्र, रोजच्या बोलीत यूसी. ते नमुना १२-अ मध्ये द्यायचे असते. ते परत येते ते बहुधा क्षुल्लक चुकांसाठी: मागच्या वर्षीची अखेरची शिल्लक आणि या वर्षीची आरंभीची शिल्लक जुळत नाही, खर्चाचे विवरणपत्र आणि यूसी यांत पाच-पन्नास रुपयांचा फरक आहे, विक्रेत्याला दिलेली आगाऊ रक्कम खर्च म्हणून दाखवली आहे, वेतन, सर्वसाधारण आणि भांडवली अनुदान वेगळे न दाखवता एकत्र केले आहे. व्याजाचाही घोळ होतो. जुन्या खात्यांत साचलेले व्याज संस्थेने प्रकल्पावर खर्च करायचे नसते. नियम २३०(८) प्रमाणे हिशेब पक्का होताच ते भारत सरकारच्या एकत्रित निधीत भरावे लागते. ते भारतकोश पोर्टलवरून भरून त्याची पावती यूसीला जोडली की हा मुद्दा मिटतो. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत प्रकल्पाची रोखवही आणि बँक वा पीएफएमएसचा (केंद्राच्या निधीची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीचा) अहवाल ताडून पाहिला, तर मार्चअखेर रात्री जागवाव्या लागत नाहीत. हे काम प्रमुख संशोधकावर टाकू नये. ज्याने रक्तातल्या लिंफोसाइट पेशी मोजायच्या, त्याने शीर्षनिहाय ताळमेळ घालत बसावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून अर्थ मंत्रालयाकडे आणि आरोग्य संशोधन विभागाकडे आमचे तीन आग्रह आहेत. ३१ जानेवारीपूर्वी पुरवठा आदेश निघालेल्या मालाची रक्कम पुढच्या वर्षात नव्याने अर्ज न करता मिळावी. मंजूर कालावधी शिल्लक असलेल्या प्रकल्पांना पहिल्या तिमाहीच्या पगाराची मर्यादा तात्पुरत्या यूसीवर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यावी. लेखापरीक्षण झालेली यूसी नंतर येऊ द्यावी. आणि वेतनदर सुधारले की चालू प्रकल्पांच्या मंजुरीत ती वाढ संस्थेने न मागता धरली जावी.

राज्य सरकारकडेही एक मागणी आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था किंवा परळची प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था या आयसीएमआरच्या संस्था केंद्राच्या नव्या आदेशाखाली येतात. राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांना तो आपोआप लागू होत नाही. त्यांचे अधिष्ठाते (डीन) राज्याच्या खरेदी नियमांनी बांधलेले आहेत, प्रकल्पाचा पैसा दिल्लीहून आला तरीही. एकाच बहुकेंद्री अभ्यासात एका केंद्रावर किट समितीच्या ठरावावर पंधरा दिवसांत येतो आणि दुसऱ्या केंद्राची नस्ती तीन टेबलांवर फिरत राहते, तेव्हा दोन्हीकडचे नमुने एका वेळी तपासले जात नाहीत. वैद्यकीय शिक्षण विभागाने केंद्र-अनुदानित संशोधन प्रकल्पांपुरता स्वतंत्र शासन निर्णय काढून २ लाख आणि २५ लाखांच्या याच मर्यादा अधिष्ठात्यांना द्याव्यात. जोडीला प्रत्येक महाविद्यालयाच्या संशोधन कक्षात फक्त प्रकल्पांचे हिशेब पाहणारा एक पूर्णवेळ लेखापाल नेमावा.

– संशोधन प्रकल्पांचे हिशेब पाहणारे काही लेखा कर्मचारी, पुणे