अर्काचे छोटे यंत्र घेण्यापूर्वी

महोदय,

ओट्यावर मावणारी, पाच ते दहा लिटरची अर्क काढायची यंत्रे आता विदर्भातल्या खेड्यांतही दिसू लागली आहेत. तळाचे पाणी उकळते, वाफ जाळीवरच्या गवतातून तेल घेऊन निघते, थंड पाण्याच्या बादलीतून जाणाऱ्या नळीत तिचे पुन्हा पाणी होते आणि तो अर्क बाटलीत पडतो. त्यावर तरंगते ते तेल, खाली उरते ते सुगंधी जल. कुणी गवती चहाच्या तेलासाठी घेतो, कुणी संत्र्याच्या सालीसाठी, कुणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्यासाठी. विकणारा सांगतो की पैसे लवकर निघतील. पैसे मोजण्यापूर्वी घेणाऱ्याने एक साधा हिशेब करावा, म्हणून हे पत्र.

ताज्या गवती चहात तेल असते वजनाच्या साधारण ०.४ ते ०.६ टक्के, म्हणजे किलोमागे ४ ते ६ मिली. दहा लिटरच्या भांड्यात जाळीवर दीड किलोच्या वर गवत नीट बसत नाही. एका खेपेला हाती येते ६ ते ९ मिली. शंभर मिलीची बाटली भरायला बारा-पंधरा खेपा लागतात, आणि गवत कापणे, चिरणे, भांडे धुणे धरून प्रत्येक खेपेला अर्धा दिवस जातो. गुलाबाचे तर विचारूच नका: किलोभर पाकळ्यांतून तेलाचे काही थेंब. या यंत्रावर तेल विकून घर चालणार नाही. मात्र सुगंधी जल काढायला, आपल्या वावरातले गवत कोणत्या महिन्यात किती तेल देते ते पाहायला, आणि लाखोंची मोठी भट्टी बसवण्याआधी हात बसवायला याच्यासारखे साधन नाही. बचत गटांनी ते याच हेतूने घ्यावे.

दुसरी गोष्ट कायद्याची. या यंत्राची रचना आणि हातभट्टीची रचना एकच. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू गाळणे गुन्हा आहेच, पण त्या कामासाठी भट्टी, भांडी किंवा साहित्य जवळ ठेवणे हाही गुन्हा आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. म्हणून मोहफूल, गूळ किंवा आंबवलेले काहीही या भांड्यात जाऊ देऊ नये. खरेदीची पावती जपून ठेवावी आणि काम घरामागे लपवून न करता अंगणात, चारचौघांसमोर करावे.

यंत्र निवडताना किमतीपेक्षा चार जागा पाहा. एक, जाळी. ती भांड्याच्या तळापासून सात-आठ सेंटिमीटर उंच हवी, म्हणजे खाली अडीच लिटर पाणी राहील आणि उकळी गवताला लागणार नाही. दोन, झाकणाची कड. तिथे रबर असेल तर ते तेल शोषते आणि पुढच्या दहा खेपांना वास देते. सिलिकॉन किंवा टेफ्लॉनची चकती घ्यावी. तीही नसेल तर कणकेचा लेप द्यावा, अत्तरवाले पिढ्यान्‌पिढ्या सांधे लिंपूनच बंद करत आले आहेत. तीन, गार करायची नळी. तांब्याची असो वा स्टीलची, आतून किमान आठ मिलिमीटर रुंद हवी आणि पूर्ण लांबीभर उतरती हवी. मध्ये कुठे खोलगट वेटोळे असेल तर तिथे पाणी साचते आणि धार धक्के देत येते. तांब्याच्या सांध्याला शिसे असलेला डाग (सोल्डर) दिलेला नाही, एवढे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. चार, तळ. इंडक्शनवर ठेवायचे असेल तर चुंबक लावून पाहावा. चिकटला नाही तर ते भांडे गॅसवरच चालेल.

घरच्या प्रेशर कुकरची शिट्टी काढून तिथे नळी बसवण्याचे प्रयोग सर्रास होतात. ते करू नयेत. पानाचा एक तुकडा त्या बारीक छिद्रात अडकला की कुकर बंद डबा होतो. अर्काच्या यंत्रात वाफेची वाट शेवटपर्यंत मोकळी असली पाहिजे. खालच्या बाटलीच्या तोंडालाही बूच लावायचे नाही.

नव्या यंत्रात कारखान्याचे तेलवंगण असते. आधी साबणाने धुवावे, मग लिटरला दोन मोठे चमचे लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) घालून उकळावे आणि ते पाणी ओतून द्यावे. त्यानंतर नुसत्या पाण्याची एक खेप घ्यावी. ती चालू असताना प्रत्येक सांध्याजवळ थंड स्टीलचा चमचा धरावा. चमच्यावर दव आले तर वाफ तिथून पळते आहे, आणि उद्या तिथूनच तेल पळेल. ही खेप अनेक जण टाळतात आणि पहिल्याच गवताला मशीन ऑइलचा वास येतो म्हणून रडतात.

सुरुवात गवती चहाने करावी. तो धुऱ्यावर असतोच, वास ओळखीचा असतो आणि चूक लगेच कळते. ऊन पडल्यावर, पानावरचे दव सुकल्यावर, जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर कापावा. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस थांबावे. कापलेले गवत सावलीत एक दिवस पसरून कोमेजू द्यावे. पाणी कमी होते, भांड्यात जास्त मावते. ढीग करून ठेवले तर आतून गरम होऊन कुबट होते, आणि तो कुबटपणा अर्कात उतरतो. तुकडे तीन-चार सेंटिमीटरचे करावेत. फार बारीक चिरले तर थर दबून वाफ अडते, लांब ठेवले तर मध्ये पोकळ्या राहतात आणि वाफ गवताला न भिडता त्या वाटेने निघून जाते. कडेकडेने हाताने दाबत सारखे भरावे.

आता आच. पहिला थेंब येईपर्यंत मोठी ठेवायला हरकत नाही, मग लगेच कमी करावी. दहा लिटरच्या भांड्याला तासाला एक लिटर अर्क हा वेग पुरे, म्हणजे मिनिटाला सोळा-सतरा मिली, बारीक सलग धार. बहुतेक तेल पहिल्या पाऊण तासात येते, पण दीड तास चालू द्यावे. खालच्या अडीच लिटरपैकी लिटरभर पाणी उरले की थांबावे. भांडे कोरडे पडले तर जळका वास तेलात बसतो आणि तो काही केल्या जात नाही.

आपल्याकडे खरी गडबड होते ती थंड पाण्याची. वाफेचे एक लिटर पाणी होताना तिची उष्णता वीस लिटर बादलीचे पाणी सुमारे तीस अंशांनी तापवते. तीस अंशांचे पाणी घेतले तर पहिला लिटर संपेपर्यंत बादली साठवर जाते आणि नळीतून अर्कासोबत वाफच बाहेर पडू लागते. घरभर सुगंध दरवळला की लोक खूश होतात, पण तो दरवळ म्हणजे वाया जाणारे तेल. बाटलीत पडणारा अर्क हाताला कोमट लागला पाहिजे, चाळीस अंशांच्या आत. त्यासाठी थंड पाणी बादलीच्या तळाशी सोडावे आणि वरचे गरम पाणी काढत राहावे. स्लॅबवरच्या काळ्या टाकीचे पाणी मे महिन्यात आधीच तापलेले असते, ते घेऊ नये. रांजणातले किंवा थेट विहिरीचे घ्यावे. बाहेर काढलेले गरम पाणी निवल्यावर झाडांना घालता येते. ज्या गावात एप्रिलनंतर टँकर येतो, तिथे हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच उरकावे.

तेल पाण्यावर तरंगते, पण सहा-सात मिलीचा थर रुंद भांड्यात दिसतही नाही. अरुंद मानेच्या काचेच्या बाटलीत अर्क घ्यावा, रात्रभर स्थिर ठेवावा, मग त्याच अर्काची भर घालून पातळी मानेपर्यंत आणावी. तेल मानेत गोळा होते आणि काचेच्या ड्रॉपरने उचलता येते. अर्क दुधाळ दिसला तर आच जास्त होती असे समजावे. तो बहुधा एक-दोन दिवसांत निवळतो. उचललेल्या तेलात चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट टाकले की राहिलेले पाणी ते ओढून घेते. मग गाळून तपकिरी काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरावे, कारण रिकाम्या जागेतली हवा तेल बिघडवते. रबरी ड्रॉपरचे झाकण कायमचे लावू नये, रबर फुगते.

उरलेले सुगंधी जल हेच या छोट्या यंत्राचे मुख्य उत्पन्न. बाटल्या दहा मिनिटे उकळलेल्या हव्यात, फ्रिजमध्ये दोन-तीन महिने टिकते, आणि पांढरे धागे दिसले की फेकून द्यावे. विकायचे ठरवले तर सौंदर्यप्रसाधनाला सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० खालचा परवाना आणि खाण्यापिण्याच्या पदार्थाला एफएसएसएआयची (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. तेल मात्र अंगाला थेट चोळू नये, पोटात तर मुळीच घेऊ नये. गवती चहाला वास देणाऱ्या सिट्राल या द्रव्याने अनेकांच्या त्वचेला आग होते.

वरुड, मोर्शी, काटोलकडच्यांसाठी संत्र्याच्या सालीबद्दल थोडे. फक्त वरचा केशरी भाग घ्यावा, आतला पांढरा नको. साल पाण्यात बुडवून तास-दीड तास चालवावी, भांडे दोन तृतीयांशाच्या वर भरू नये, फेस नळीत चढतो. गळलेल्या फळांची साल चालते, पण सडू लागलेली नाही. नुकतीच फवारणी झालेल्या फळाचीही नको, काही औषधे वाफेसोबत तेलात येतात. हे तेल बहुतांशी लिमोनिन नावाचे द्रव्य असते: थर्माकोल विरघळवते, पटकन पेट घेते आणि महिन्याभरात शिळे वासू लागते. बाटली शेगडीपासून दूर ठेवावी आणि तेल लगेच फ्रिजमध्ये.

आणि रोशा गवत, म्हणजे तिखाडी. माळरानावर आणि जंगलाच्या कडेने ते आपोआप येते. याच भागातले रोशाचे तेल एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, कारण दोन्हींत जिरॅनिऑल हे गुलाबाच्या वासाचे द्रव्य असते. फुलोरा आल्यावर आठवडा-दहा दिवसांनी कापावे. तेल फुलोऱ्यात आणि पानांत असते, काड्यांत जवळजवळ नाहीच. जिरॅनिऑल पाण्यात थोडे विरघळते, म्हणून पहिल्या खेपेचा अर्क दुसऱ्या खेपेच्या भांड्यात पाणी म्हणून वापरला तर तेल वाढते. वन विभागाच्या जमिनीवरचे गवत परवानगीशिवाय कापू नये. वाळ्याच्या मुळ्यांच्या नादी पहिल्या वर्षी लागू नये: त्यांना बारा तासांहून जास्त आच लागते आणि तेलाचे वजन जवळजवळ पाण्याइतकेच असल्याने ते वर येत नाही.

बॅटरीच्या पाण्यासाठी यंत्र वेगळे आणि स्टीलचेच हवे. तांब्याचा अंश बॅटरीला मारक असतो. ७५० वॅटचे चार लिटरचे विजेचे यंत्र लिटरमागे जवळपास एक युनिट खाते. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तळाशी क्षारांचा थर फार लवकर बसतो, म्हणून पाव पाणी उरले की बंद करावे आणि दर चार-पाच खेपांनी लिंबूफुलाने धुवावे. पिण्यासाठी घरभर पुरेल एवढे पाणी असे गाळणे परवडत नाही.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रे आहेत. या केंद्रांनी ऑक्टोबर ते जानेवारी महिन्यातून एक दिवस छोटे यंत्र मांडून ठेवावे. शेतकऱ्याने आपली दीड किलोची पेंढी घेऊन यावे, किती मिली तेल निघते ते समोर पाहावे आणि आकडा लिहून न्यावा. आपल्या कृषी पुरवणीत त्या दिवसांच्या तारखा छापाव्यात, ही विनंती.

— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती