मनू, स्ट्रिप मोजली त्याबद्दल

प्रिय मनू,

रविवारी तुझ्याकडून न जेवता निघालो, नाशिक फाट्याला मेट्रोत बसलो आणि मंडईला उतरेपर्यंत राग पार उतरला होता, पण तोवर तुला फोन करायला तोंड राहिलं नव्हतं. घरी आलो तर आईने पहिलं काय विचारलं असेल? डबा कुठाय. गुळाच्या पोळ्यांचा डबा तुझ्याकडे द्यायचा तो तसाच माझ्या पिशवीत परत आला. दोन दिवस झाले त्याच पोळ्या खातोय, आणि आई मुद्दाम ताटात वाढताना काही बोलत नाही. म्हणून हे लिहितोय. एका बोटाने टाईप करतो हे तुला माहितीये, तेव्हा चुका झाल्या तर समजून घे.

जे बोललो ते चुकलंच. "तिसऱ्याची हौस कुणाला होती" हे बापाने पोटुशी मुलीला बोलायचं वाक्य नव्हे, आणि तेही छोट्याच्या बोरन्हाणाच्या दिवशी, हातात तिळगुळाची वाटी घेऊन. लोक गोड बोला म्हणतात आणि मी हे बोललो. तू उत्तर दिलं नाहीस, नुसतं सूप उचललंस आणि परत चुरमुरे गोळा करायला लागलीस. त्यापेक्षा भांडली असतीस तर बरं झालं असतं.

पण मी का बोललो ते सांगतो. सफाई म्हणून नाही, किंवा असेल थोडी सफाई.

पाहुणे गेल्यावर मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेलो होतो, तुझी लिफ्ट बंद म्हणून यायला वेळ लागला. वर आलो तर ओवी दारात, तोंडावर बोट ठेवून म्हणाली, आजोबा शू, आई झोपली. आत बघतो तर तू फ्रीजला टेकून खाली फरशीवर, सूप मांडीवर, सगळीकडे चुरमुरे आणि उसाचे करवे, छोटा तुझ्या पायावर बसून बोर चघळतोय, अंगावर आईने केलेले हलव्याचे दागिने तसेच, मुकुट तेवढा मानेत लोंबतोय. मी तुला दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला तू डोळे उघडलेस. मधले ते दहा सेकंद मी उभ्या उभ्या काय काय पाहिलं ते तुला सांगता येणार नाही. आणि तेव्हाच वर नजर गेली, फ्रीजवर ओवीच्या चित्राखाली मॅग्नेटला लावलेला रिपोर्ट, हिमोग्लोबिन ८.९. छत्तीस वर्षं लॅबमध्ये काढली गं, कागद दिसला की नजर आपोआप त्या आकड्यावरच जाते, नाव नंतर वाचतो.

मग मी ओट्यावरच्या डब्यात बघितलं. बघायला नको होतं, मान्य. लोहाच्या गोळ्यांच्या तीन स्ट्रिप, दोन फोडलेल्याच नाहीत, तिसरीतल्या तीन गोळ्या गेलेल्या. बिलावर तारीख तेवीस दिवसांपूर्वीची. तेवीस दिवसात तीन गोळ्या मनू. तू म्हणालीस, बाबा तू बोरन्हाणाला आलायस की पेशंट तपासायला. बरोबर बोललीस. मोजणं हा माझा धंदा होता, रिटायर झालो तरी सवय जात नाही.

गोळीबद्दल या पत्रात आता काही लिहिणार नाही असं ठरवलंय.

१९९२ मधलं तुला आठवणार नाही, तीन वर्षांची होतीस. संकेतच्या वेळी आईला सहावा चालू होता, आपण शुक्रवार पेठेत वाड्यात, वरच्या दोन खोल्या, नळ खाली चौकात. मी सातला लॅबला जायचो, म्हणजे पाण्याच्या वेळी घरात नाहीच. एक दिवस आई कळशी घेऊन खाली गेली आणि नळापाशीच बसली ती आडवी झाली. तू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होतीस. खालच्या काकू बाहेर आल्या तर तू त्यांना म्हणालीस, आई झोपली. नळ चालूच, तुझे पाय पाण्यात. हे मला काकूंनी संध्याकाळी सांगितलं. मी दिवसभर गावाचं रक्त बघत होतो आणि घरातल्या बाईचं रक्त मी कधी बघितलंच नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं की जिना चढताना धाप लागते. थोडं दमायला होतं, एवढंच म्हणायची. तू पण तेच म्हणतेस, अगदी त्याच सुरात.

दुसऱ्या दिवशी मी तिचं सँपल स्वतः लावलं. तेव्हा आमच्याकडे हिमोग्लोबिन मोजायला साहलीची नळी होती, आताच्यासारखं मशीनमध्ये घातलं आणि कागद बाहेर आला असं नव्हतं. नळीत आधी थोडं ॲसिड, मग पिपेटने वीसच्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं, तेही तोंडाने, ते ॲसिडमध्ये सोडलं की लालचं चॉकलेटी होतं, मग डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब घालत, काचेच्या काडीने ढवळत, बाजूच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत बघत बसायचं. जितके थेंब जास्त मावतील तितकं रक्त चांगलं. आईच्या नळीत पाच-सहा थेंबातच रंग फिका पडला. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, परत केलं. ७.८. खिडकीपाशी उजेडात धरून मी ती नळी किती वेळ बघत बसलो होतो. घरी येऊन तिला सांगितलं, जरा कमी आहे. आकडा सांगितला नाही. मग तिला कमरेत इंजेक्शनं घ्यावी लागली, फार दुखायची, एका कुशीवर झोपता यायचं नाही, आणि काळे डाग कित्येक महिने गेले नाहीत. संकेत झाला तेव्हा वजन दोन किलो शंभर ग्रॅम. आता बघ सहा फुटी घोडा बंगलोरला बसून मला फोनवर प्रोटीन पावडरचं ज्ञान देतो, पण तेव्हा त्याला दोन तळहातांवर घेतला होता मी.

तर दारात ओवी आई झोपली म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. भीती वाटली की मला राग येतो, हे तुझ्या आईला चाळीस वर्षं माहिती आहे, तुलाही आता माहिती असायला हरकत नाही.

थोडं सांगतो, लेक्चर वाटलं तर सोडून दे. बावीसावा आठवडा म्हणजे दमणं सगळंच काही काळजीचं नसतं. पोटात बाळ असताना अंगातलं रक्त वाढतं, पण त्यातलं पाणी जास्त वाढतं आणि लाल पेशी त्या मानाने कमी, म्हणून मधल्या महिन्यांत आकडा थोडा खाली येतोच. म्हणून या तिमाहीत साडेदहापर्यंत चालवून घेतात. पण ८.९ म्हणजे नुसतं पाणी वाढलं म्हणून नाही. तुझी दोन बाळंतपणं झालीत, छोटा दीड वर्षाचा होईपर्यंत अंगावर पीत होता, साठा भरून यायला मध्ये वेळच मिळाला नाही. त्यात तू दिवसाला पाच-सहा कप चहा पितेस. चहाने लोह अंगाला कमी लागतं, गोळीच्या आगेमागे तास-दीड तास तरी चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकदम घेतल्या तर फायदा कमी. लिंबू किंवा आवळ्याबरोबर घेतली तर उलट चांगली लागते. आणि ते बीट. तुझ्या सासूबाई बीटाचा रस पाठवतात, पी, चांगला असतो, पण लाल आहे म्हणून रक्त होतं असं काही नसतं. गुळाचंही तेच. गुळाच्या पोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढलं असतं तर या दोन दिवसात माझं वीस झालं असतं.

झालं बघ, गोळीवर आलोच. सॉरी.

पण आलोय तर विचारून घेतो, का घेत नाहीस? मळमळतं? पोट साफ होत नाही? शी काळी होते म्हणून घाबरलीस का, ते होतंच, त्यात काही नाही. तसं असेल तर डॉक्टरांना सांग ना, दुसरी देतील, रात्री झोपताना घ्यायला सांगतील, अगदीच नाही जमलं तर सलाईनमधून देतात आता, आईसारखी कमरेत नाही. पण डब्यात पडून तिचा काय उपयोग. तू हुशार आहेस, एवढं ऑफिस सांभाळतेस, टीममधल्या बारा जणांच्या डेडलाईन तुला पाठ, फक्त स्वतःची ही एक गोळी लक्षात राहत नाही. (हे टोमण्यासारखं झालं. तसं नाही म्हणायचं. खरंच अभिमान वाटतो मला, वाड्यातल्या लोकांना अजून सांगत असतो.)

उठताना पोटाच्या खाली एका बाजूला कळ येते म्हणालीस ना आईला, ते गर्भाशय धरणारे दोर ताणले जातात म्हणून होतं, एकदम ताडकन उठू नकोस, आधी कुशीवर वळ मग हाताने रेटून उठ. रात्री पोटऱ्यात गोळे येतात तेव्हा पायाची बोटं आपल्याकडे ओढून धर. डावीकडे झोप, गुडघ्यात उशी घे, पाठीवर फार वेळ पडलीस तर मोठी शीर दबते आणि चक्कर येते. जळजळीला रात्रीचं जेवण लवकर. हे सगळं तुला दोनदा माहिती आहे, तरी लिहितोय.

आणि छोट्याला कडेवर घेऊन चार मजले चढतेस ते बंद कर. तो चढतो, मी पाहिलंय, कठडा धरून एक एक पायरी, वेळ लागतो एवढंच. लाडच करायचे तर खाली बसून कर, पलंगावर तुझ्या शेजारी चढू दे. त्याला अंघोळ अमेय घालेल. त्याला रात्रीचे कॉल असतात, माहितीये, पण सकाळी अंघोळ घालायला कुठला कॉल आडवा येतो? मी त्याच्याशी बोललो तर तुला आवडणार नाही म्हणून बोलत नाही, पण तू बोल.

एक गोष्ट ओवीची. रविवारी सगळ्या पोरांच्या पिशव्या तिने भरल्या, छोट्याचं नाक पुसलं, तुला पाणी आणून दिलं, सगळे कौतुक करत होते, किती समजूतदार पोरगी. मीही केलं. मग मेट्रोत आठवलं की नळाच्या प्रकारानंतर आम्ही तुलाही असंच समजूतदार केलं होतं. आईला उठू द्यायचं नाही म्हणून तू चिमणीएवढ्या तांब्याने वर पाणी आणायचीस, जिनाभर सांडत, आणि आम्ही हसायचो. साडेतीन वर्षांची होतीस. संकेत झाल्यावर त्याचे लंगोट तू घडी करायचीस. तुझं बालपण कुठे संपलं असं कुणी विचारलं तर मी तो तांब्या दाखवीन. अजून आहे आपल्याकडे, आई त्यात तुळशीला पाणी घालते. तेव्हा ओवीला जरा भांडू दे, पसारा करू दे. तुला मदत लागते ती आमच्याकडून घे. तू मागत नाहीस हाच तर प्रॉब्लेम आहे.

सुट्टीचं तू आईला सांगितलंस ते मी वाचून बघितलं. तुझं बरोबर आहे, पहिली दोन मुलं असली की कायद्याने २६ आठवडे नाही, १२ च मिळतात, आणि त्यातले डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त सहा घेता येतात. तू सगळे नंतरसाठी ठेवणार आणि आदल्या दिवसापर्यंत लॅपटॉप घेऊन बसणार हे मला न सांगताच कळलं. घरून काम देतात का ते आत्ताच विचार, आठव्या महिन्यात नको. यावर मी आणखी बोललो तर परत भांडण होईल.

पुढच्या दोन-चार आठवड्यात शुगरची टेस्ट सांगतील, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तास बसायचं ती. त्यालाच हिमोग्लोबिन पण परत करून घे, एकाच टोचण्यात होतं. आणि बसल्या जागी धाप लागली, छातीत धडधडलं, अंगावरून गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यापुढे अंधारी आली, चेहरा-हात सुजले, नाहीतर बाळाची हालचाल कमी वाटली, तर मला फोन न करता सरळ दवाखान्यात जा, गाडी नसेल तर १०८. मला नंतर कळवलंस तरी चालेल. रागावणार नाही. रविवारसारखं तर नाहीच.

मी गुरुवारी येतोय. नऊच्या मेट्रोने निघतो, दहापर्यंत पोचेन. ओवीला शाळेतून आणेन, छोट्याला खाली बागेत नेईन, तू दार लावून झोप. फ्रीजला टेकून नाही, पलंगावर. मंडईतून आवळे आणि लिंबं घेऊन येतो, आई म्हणते आवळ्याची चटणी करून देते. लिफ्ट बंद असली तरी चढेन, हळू चढतो. ओट्यावरचा डबा उघडणार नाही. उघडला तरी बोलणार नाही.

तुझा
बाबा

ता. क. आईने आत्ता वाचलं. म्हणते ७.८ तिला त्याच दिवशी कळलं होतं, जरा कमी आहे म्हणताना माझा चेहराच तसा झाला होता. आणि म्हणते, गोळीचं किती वेळा लिहिलंय ते एकदा मोजा आता.