यंदाचं हॅलोविन अंगणात

१ नोव्हेंबर २०२०
मॅसॅच्युसेट्स

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, देशात करोनानं सव्वादोन लाखांच्या वर माणसं गेलीत आणि तुम्ही हॅलोविनचे भोपळे कसले कोरताय?" चिऊ शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. शिवाय अशा गोष्टी मला फोनवर नीट सांगता येत नाहीत. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच, एखादा शब्द अडला तर बाबांना विचार.

तुझा प्रश्न खरा आहे. तो आमच्या घरातही निघाला होता. समोरचे आजोबा एप्रिलमध्ये, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सिंग होममध्ये वारले, हे तुला ठाऊकच आहे. आपल्या राज्यात करोनानं गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं अशीच, नर्सिंग होममधली नाहीतर वृद्धाश्रमातली. आजींना त्यांना शेवटचं भेटताही आलं नाही. तेव्हापासून त्या दिसायच्या ते फक्त टपालपेटीपर्यंत येताना. त्यांच्या दारासमोर प्लॅस्टिकचे सांगाडे टांगायचे का, हे मलाही कळत नव्हतं. ते आम्ही नाहीच टांगले. भोपळे मात्र कोरले.

सप्टेंबरमध्ये सीडीसीनं, म्हणजे देशाच्या रोगनियंत्रण संस्थेनं, सणासुदीसाठी सूचना काढल्या, त्या मी नीट वाचल्या. दारोदार जाऊन चॉकलेटं घेणं आणि बंद जागेतल्या पार्ट्या सगळ्यात धोक्याच्या. पुड्या आधीच बांधून अंगणाच्या टोकाशी मांडून ठेवल्या, तर धोका कमी. घरच्यांनी मिळून भोपळे कोरण्यात त्याहून कमी. नुसता पोशाखाचा मुखवटा चालणार नाही, आणि कापडी मास्कवर तो चढवून श्वास कोंडूनही घ्यायचा नाही. हॅलोविनला रानात लोकांना घाबरवायला भुतांची वाट मांडतात, तिथं लोक किंचाळण्याची शक्यता असेल तर अंतर आणखी वाढवा, असंही त्यात होतं. ते वाचून मला फार बरं वाटलं. एवढ्या धावपळीत कुणीतरी बसून पोरांच्या किंचाळण्याचाही विचार केला होता.

काही गावांनी ट्रिक-ऑर-ट्रीट, म्हणजे पोरांचं हे दारोदार फिरणं, रद्द केलं. गव्हर्नर बेकर यांनी राज्यभर बंदी घातली नाही. बंदी घातली तर लोक घराघरांत पार्ट्या करतील आणि ते कितीतरी वाईट होईल, असं त्यांचं म्हणणं. मला ते अगदी पटलं. माणसांना एकमेकांची ओढ असते, ती हुकूम काढून जात नाही. मग ती मोकळ्या हवेत भागवलेली बरी.

शुक्रवारी बर्फ पडला. बॉस्टनला चार इंचांच्या वर, तिथल्या नोंदींतला ऑक्टोबरमधला सगळ्यात मोठा. तुला २०११ आठवतं ना? २९ ऑक्टोबरचं वादळ. तू नऊ वर्षांचा होतास. झाडांवर पानं तशीच होती, त्यांच्यावर ओला जड बर्फ साठला आणि फांद्या कडाकडा मोडून तारांवर पडल्या. वीज गेली, हॅलोविन पुढे ढकललं, आणि तू अंतराळवीराचा पोशाख घालून अंधारात शेकोटीसमोर बसून राहिलास. परवाही ओकची पानं अजून झाडावरच होती, म्हणून मी रात्री उठून उठून खिडकीतून बघत होते. या वेळी झाडांनी तग धरला. सकाळी पांढऱ्या बर्फावर तांबूस पानांचा सडा होता. उन्हाळाभर पाऊस नसल्यानं मेपल यंदा लवकरच रंगले आणि गळलेही, पण ओकनं शेवटपर्यंत साथ दिली.

त्याच शुक्रवारी रात्री कोजागिरी होती. तुला हे आवडेल, म्हणून सविस्तर लिहिते. यंदा ऑक्टोबरमध्ये दोन पौर्णिमा आल्या, पहिली १ तारखेला आणि दुसरी ३१ ला. इथले लोक दुसरीला ब्लू मून म्हणतात. आपल्या पंचांगात यंदा अधिक आश्विन होता, १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर. म्हणजे दोन्ही पौर्णिमा आश्विनातल्याच, पहिली अधिकातली आणि दुसरी निजातली, आणि कोजागिरी दुसरीची, तिची तिथी शुक्रवारीच लागली. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, ते दिवस साठत जातात आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना वाढवावा लागतो. बाबांनी चिऊला हे संत्र्यावर टॉर्च मारून समजावलं. तिला कितपत कळलं कोण जाणे, पण संत्रं तिनं खाल्लं.

कोजागिरीचं आटीव दूध शुक्रवारी बर्फामुळे आम्ही घरातच प्यायलो. थोडं ठेवलं होतं, ते शनिवारी थर्मासमध्ये भरून बाहेर नेलं. केशर जरा जास्तच पडलं होतं.

शनिवारी दुपारी बाबांनी सहा फुटी पीव्हीसी पाइप आणला. आमच्यासाठी नव्हे, आजींसाठी. चिऊनं आठवडाभर आधीच त्यांना रस्त्याच्या या बाजूनं ओरडून विचारलं होतं, "तुम्ही कॅंडी देणार का?" आणि त्या हो म्हणाल्या होत्या. मला वाटलं, लहान मुलीचं मन राखायला म्हणाल्या असतील. पण शनिवारी पाहते तर पोर्चचा दिवा लागलेला. बाबांनी पाइप त्यांच्या पायऱ्यांच्या कठड्याला उतरता बांधला, चिऊनं त्याला नारिंगी फीत गुंडाळली. आजी मास्क लावून, मांडीवर घोंगडी घेऊन वर खुर्चीत बसल्या. पोरं खाली एकेक करून यायची, पिशवी पाइपच्या तोंडाशी धरायची, वरून चॉकलेट घरंगळत यायचं. प्रत्येकाला त्या विचारायच्या, तू कोण झालास? मग ते पोर बर्फात उभं राहून गिरकी घेऊन दाखवायचं. डॉक्टर आणि नर्सा पुष्कळ होत्या यंदा. चिऊ घुबड झाली होती, तिच्या कापडी मास्कवरच मी चोच शिवली होती.

आमच्या पुड्या अंगणाच्या टोकाला टेबलावर मांडल्या होत्या. हात धुऊन बांधल्या, प्रत्येक घराला एक. दरवर्षी दार उघडलं की अर्धा मिनिट पोरं दिसतात आणि जातात. यंदा आम्ही तिथंच अंतरानं खुर्च्या टाकून बसलो, त्यामुळे आईबापांशीही बोलणं झालं. तिसऱ्या घरात राहायला आलेल्या कुटुंबाला मी मार्चपासून नुसता हात हलवत होते. आता कळलं, ती बाई श्वसनोपचारतज्ज्ञ आहे, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांपाशीच तिचं काम. ती लेकाला घेऊन तासभर हिंडली. दमली असणार, पण निघायचं नाव घेत नव्हती.

सूर्य मावळता मावळता चंद्र वर आला. त्याच्यापासून बराच वर मंगळ लालसर चमकत होता. आजींनी आपणहून सांगितलं की आजोबा दर हॅलोविनला त्याच पायऱ्यांवर बसायचे. हा सण मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या साउइनमधून आला. उन्हाळा संपून हिवाळा सुरू होतो त्या रात्री गेलेली माणसं घराकडे फिरकतात, असं तिथले लोक मानत. आपण पितृपक्षात पान वाढतो, ते तू पाहिलं आहेस. तेव्हा माणसं गेली आहेत म्हणून हा सण करू नये, असं मला वाटत नाही. गेलेल्यांची आठवण काढायलाच तो आहे, आणि काल ती आठवण आजींनी चारचौघांत काढली.

आता तुझ्याबद्दल. तिकडे कॉर्नेल विद्यापीठात सगळे तास लॅपटॉपवर, जेवण डब्यात आणून खोलीत, पडदे ओढलेले. व्हिडिओत मला दिसतं ते. आठवड्यातून दोनदा टेस्टला जातोस, नियम पाळतोस, याचा मला अभिमान आहे. पण खोलीत कोंडून घ्यायला तुला कुणी सांगितलेलं नाही. विद्यापीठाच्या आवारातलं बीबी लेक हे तळं तुझ्या वसतिगृहापासून चालत जाण्याजोगं आहे. त्याला रोज एक फेरी मार. मित्राला घे, दोघं मास्क लावा, अंतर ठेवा, आणि बोला. कुणाची गाडी मिळाली तर टॉगॅनॉक धबधबा बघून ये. २१५ फुटांचा आहे, नायगाऱ्याहून उंच, आणि दरीतली वाट सपाट आहे. आजपासून हिवाळी वेळेसाठी घड्याळं तासभर मागे गेली, पाचच्या सुमारास अंधार पडेल. म्हणून दुपारचा तास संपला की लगेच निघ, संध्याकाळवर ढकलू नकोस.

दिवाळी १४ तारखेला आहे. फराळाचा डबा या आठवड्यात पाठवते. चकल्या मोडतील म्हणून शंकरपाळे आणि चिवडा जास्त घालते. मित्रांना द्यायचा असेल तर वेगवेगळ्या पुड्या आधीच बांधून दे, आणि बाहेर बाकावर बसून खा. थँक्सगिव्हिंगला घरी येण्याआधीच्या टेस्टची तारीख ठरली की लगेच कळव, बाबांना गाडी घेऊन यायचं आहे.

तुझी,
आई